दुरून मनसोक्त, जवळून मोजके: जावातले दोन जागृत ज्वालामुखी पाहण्याची कृती

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून थरावर थर वाहत आलेला आणि जागीच थिजलेला लाव्हा. गडाची वाट चढताना आपण त्या जुन्या उद्रेकांवरच पाय ठेवत असतो. त्यामुळे पृथ्वीचे हे काम चालू असताना कसे दिसते, कसा आवाज करते, कसा वास येतो, हे अनुभवण्याची ओढ मराठी भटक्याला वाटणे अगदी साहजिक आहे.

इंडोनेशियात सुमारे १२७ जागृत ज्वालामुखी आहेत. त्यातले पूर्व जावामधले ब्रोमो आणि इजेन हे दोन पहिल्यांदा जाणाऱ्याने निवडावेत. दोन्हीकडे वाट मळलेली आहे, वाटाडे मिळतात, आणि बालीच्या सहलीला हे दोन्ही डोंगर जोडता येतात. पण जावाचा ज्वालामुखी दख्खनच्या लाव्ह्यासारखा वागत नाही. इथे हिंदी महासागराखालचे भूपट्ट जावाखाली सरकते आणि आपल्याबरोबर पाणीही खोल नेते. त्यातून तयार होणारा शिलारस दाट आणि वायूंनी भारलेला असतो. तो संथ वाहण्याऐवजी फुटतो, दगड उडवतो, राख आणि वायू सोडतो. म्हणून इथे लाव्ह्यापेक्षा वायू, दगड आणि राख यांची काळजी जास्त घ्यायची.

पुढची सगळी कृती एका नियमावर उभी आहे: दुरून हवा तेवढा वेळ पाहा, मुखाजवळ मोजकीच मिनिटे थांबा. हा नियम कुठून आला, ते तीन घटनांवरून कळेल. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानचा ओन्ताके पर्वत अचानक फुटला तेव्हा त्याची इशारा-पातळी सर्वात खालची होती. ६३ माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ४७ जण होते. त्यातले २२ जण दगावले. तिथे काही आठवड्यांपूर्वीच पातळी वाढवली होती, तरी सहली चालू राहिल्या. ३ डिसेंबर २०२३ रोजी पश्चिम सुमात्रातला मारापी फुटला आणि २४ गिर्यारोहक गेले. मुखापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी शिफारस तेव्हा लागू होती. पहिली घटना सांगते की ‘सामान्य’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. पुढच्या दोन सांगतात की वाट उघडी असणे आणि गर्दी असणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. अचानक येणारा धोका आपल्याला टाळता येत नाही. त्याच्या तोंडाशी घालवायचा वेळ मात्र आपल्या हातात असतो.

काय लागेल

- पाच मोकळे दिवस, आणि परतीच्या विमानाआधी आणखी दोन राखीव दिवस
- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट
- प्रवास विमा
- आम्लवायूंसाठीची कार्ट्रिज असलेला रबरी मास्क, धुळीसाठी एन-९५
- डोळ्यांभोवती घट्ट बसणारा गॉगल
- हेडटॉर्च आणि जादा सेल
- घट्ट पकड असलेले, घोटा झाकणारे बूट आणि एक काठी
- थरांचे कपडे: आत घाम शोषणारा, मध्ये लोकरी किंवा फ्लीस, वर वारा अडवणारे जाकीट, कानटोपी, हातमोजे
- दीड-दोन लिटर पाणी, ओला करता येईल असा सुती पंचा
- राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, दशम्या

पायरी १: डोंगराची पातळी वाचायला शिका

हॉटेल शोधण्याआधी हे काम करा. बांडुंग इथले सरकारी ज्वालामुखी केंद्र देशभरच्या डोंगरांवर लक्ष ठेवते आणि ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या संकेतस्थळावर व अ‍ॅपवर प्रत्येकाची स्थिती जाहीर करते. पातळ्या चार आहेत: पहिली ‘नॉर्मल’, दुसरी ‘वास्पादा’ म्हणजे सावध, तिसरी ‘सियागा’ म्हणजे सज्ज, चौथी ‘आवास’ म्हणजे धोका.

नुसता आकडा पाहून थांबू नका. प्रत्येक अहवालाखाली शिफारस लिहिलेली असते आणि तिथे मुखापासून किती अंतर राखायचे ते किलोमीटरमध्ये दिलेले असते. आपल्या कामाची ओळ तीच. ब्रोमो ‘वास्पादा’वर असतो तेव्हा साधारणपणे मुखाभोवतीच्या एक किलोमीटरच्या आत जाऊ नका असे सांगितलेले असते. त्या दिवशीही मुखाकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर माणसे दिसू शकतील, जीपवाला ‘सगळे जातात’ म्हणेल. तरीही तुम्ही एक किलोमीटर बाहेरच राहा. ब्रोमोचे सर्वात सुंदर दर्शन तसेही दुरूनच होते.

हा अहवाल तीन वेळा पाहा: तिकीट काढण्याआधी, घरून निघायच्या आदल्या दिवशी, आणि डोंगरावर जायच्या आदल्या संध्याकाळी. पहिली पातळी असेल तर पुढच्या सर्व पायऱ्या करा. दुसरी असेल तर अहवालातल्या अंतराबाहेर राहून जे पाहता येईल तेच पाहा. तिसरी किंवा चौथी असेल तर त्या डोंगराचा कार्यक्रम रद्द करा.

पायरी २: तब्येतीचा विचार आधीच करा

दमा, हृदयविकार, फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी इजेनला जाऊ नये. तिथला सल्फर डायऑक्साइड श्वासनलिका आवळतो आणि दम्याच्या रुग्णाला अगदी थोड्या मात्रेतही त्रास देतो. लहान मुलांच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा मास्क बसत नाही, म्हणून त्यांनाही इजेनच्या काठावर नेऊ नका. कुटुंबातल्या एका मोठ्याने मुलांबरोबर इजेनजवळच्या बान्युवांगी शहरात थांबावे. ब्रोमोचा दुरून होणारा सूर्योदय मात्र आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना पाहता येतो, कारण जीप जवळजवळ वरपर्यंत जाते.

इजेनच्या चढाईसाठी वैद्यकीय दाखला मागितला जातो. तो मिळवताना डॉक्टरांना आपली औषधे आणि जुने आजार खरे सांगा. निघण्याआधी दोन महिने आठवड्यातून एखादा गड चढत राहा. उंचीचा अंदाज यावा म्हणून एवढे लक्षात ठेवा: कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे, आणि इजेनची चढण जिथून सुरू होते ते पालतुडिंग सुमारे १,८५० मीटरवर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वात उंच जागेपेक्षाही वरून चालायला सुरुवात होते. या उंचीवर बहुतेकांना विरळ हवेचा आजार होत नाही, पण दम लवकर लागतो आणि रात्री थंडी चांगलीच बोचते.

पुरुषांनी चढाईच्या दिवशी दाढी करावी. गालावरच्या केसांमुळे मास्क त्वचेला चिकटत नाही आणि फटीतून वायू आत येतो.

पायरी ३: मोसम आणि दिवस निवडा

एप्रिल ते ऑक्टोबर हा जावाचा कोरडा काळ. तेव्हा आकाश स्वच्छ असते आणि पायवाट घसरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रोमोच्या परिसरात पहाटे तापमान शून्याच्या आसपास उतरते, कधी गवतावर हिमकणही दिसतात. नोव्हेंबर ते मार्च पावसाचा काळ. तेव्हा ढग दृश्य झाकतात, शिवाय ताजी राख आणि पाऊस एकत्र येऊन चिखलाचे लोंढे ओढ्यानाल्यांतून धावू शकतात.

दिवस ठरवताना स्थानिक पंचांगही विचारा. ब्रोमोभोवती राहणारे तेंगर लोक हिंदू आहेत. न्येपी या मौनाच्या दिवशी हा परिसर पर्यटकांसाठी बंद असतो. कासादा हा त्यांचा मोठा सण पौर्णिमेच्या सुमारास येतो. तेव्हा ते भाज्या, धान्य, कोंबड्या, बकऱ्या घेऊन ब्रोमोच्या काठावर जातात आणि मुखात अर्पण करतात. त्या दिवसांत प्रवेशाचे नियम वेगळे असतात. इजेनलाही अधूनमधून ठरावीक बंद दिवस असतात. दोन्हीकडची तिकिटे ऑनलाइन आणि आधी काढायची असल्यामुळे हे सगळे त्याच वेळी तपासून घ्या.

शनिवार-रविवार टाळा. गर्दीत अरुंद काठावर उभे राहावे लागते, आणि वायूचा लोट आला तर झटकन मागे फिरता येत नाही.

पायरी ४: पाच दिवस असे मांडा

पहिला दिवस: सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे सुराबायाला उतरा. भारतीयांना तिथे पोचल्यावर मिळणारा तीस दिवसांचा व्हिसा असतो. तो ऑनलाइन आधीही काढता येतो. रात्री सुराबायातच झोपा.

दुसरा दिवस: रेल्वेने किंवा गाडीने प्रोबोलिंगो, तिथून घाट चढून चेमोरो लावांग. हे गाव सुमारे २,२०० मीटरवर, थेट मोठ्या कॅल्डेराच्या, म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीच्या भांड्याच्या, कडेला आहे. संध्याकाळी आठ वाजता झोपा.

तिसरा दिवस: पहाटे ब्रोमो. दुपारी बान्युवांगीकडे सहा-सात तासांचा रस्ता. रात्र पूर्ण झोपेची.

चौथा दिवस: बान्युवांगीत विश्रांती. दाखला, मास्क, वाटाड्या यांची सोय. संध्याकाळी अहवाल पाहा.

पाचवा दिवस: मध्यरात्री इजेनसाठी प्रस्थान, सकाळी परत. दुपारी केतापांगहून गिलिमानुकची फेरी धरून बाली. जावा आणि बालीमधली सामुद्रधुनी ओलांडायला तासाभराचा वेळ लागतो.

स्वस्त सहली हे दोन्ही डोंगर लागोपाठच्या दोन रात्रींत उरकतात. तसे करू नका. दोन रात्री न झोपलेला माणूस काठावर अडखळतो, आणि दोन रात्री न झोपलेला चालक घाटात डुलकी घेतो. चौथ्या दिवसाची विश्रांती गाळू नका. आपला चालक किती तास झोपला, हे विचारायलाही संकोच करू नका.

घड्याळाचे भान ठेवा: जावाची वेळ आपल्या दीड तास पुढे, आणि बालीची जावाच्याही एक तास पुढे. रात्री दोनची गाडी म्हणजे कोणत्या वेळेने दोन, हे पक्के करा.

विमा घेताना दोन गोष्टी वाचा. राखेमुळे विमाने रद्द झाली तर भरपाई मिळते का, आणि डोंगरावर जखमी झाल्यास तिथून हलवण्याचा खर्च दिला जातो का. उद्रेकाची बातमी आल्यानंतर घेतलेल्या विम्यात तो उद्रेक बहुधा धरला जात नाही, म्हणून विमा तिकिटाबरोबरच घ्या. नोव्हेंबर २०१७मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. राखीव दोन दिवस त्यासाठी आहेत.

पायरी ५: मास्क तपासा, सामान भरा

कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क वायू अडवत नाही. एन-९५ राख आणि धूळ अडवतो, वायू नाही. इजेनसाठी आम्लवायूंची कार्ट्रिज लावलेला रबरी मास्कच हवा. वाटाडे तो भाड्याने देतात. घेताना दिवसाउजेडी असे तपासा:

- दोन्ही बाजूंना कार्ट्रिज आहेत का, आणि ती आम्लवायूंसाठीचीच आहेत का.
- मास्क घालून पट्टे आवळा. दोन्ही कार्ट्रिजवर तळहात दाबून श्वास आत घ्या. मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला आणि कुठूनही हवा आत आली नाही, तर तो नीट बसला.
- घातल्यावरही गंधकाचा वास येत राहिला तर दुसरा मागा.

दोन वासांची ओळख करून ठेवा. काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो तो सल्फर डायऑक्साइड. नासक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा दुसरा वायू फार वाढला की नाकाची संवेदनाच जाते, म्हणून आधी येत असलेला वास एकदम थांबला तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, मागे फिरा. तिसरा कार्बन डायऑक्साइड. त्याला वास नाही, तो हवेपेक्षा जड असतो आणि खळग्यांत साचतो. वारा नसलेल्या खड्ड्यात फोटोसाठी किंवा दम खाण्यासाठी बसू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स मुक्कामी काढून ठेवा, चष्मा वापरा. जोडवी, पैंजण, चांदीच्या अंगठ्याही खाली ठेवून या, कारण गंधकाच्या वायूने चांदी काळी पडते. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घाला आणि काठावर लेन्स बदलू नका.

शाकाहारी असाल तर जावात तेम्पे आणि ताहू, म्हणजे सोयाबीनचे दोन प्रकार, सगळीकडे मिळतात. मात्र चटण्यांमध्ये तेरासी नावाची कोळंबीची पेस्ट असते. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, असे आधी सांगा.

पायरी ६: ब्रोमो दुरून पाहा

पहाटे तीनच्या सुमारास जीप निघते. पेनांजाकान हे प्रसिद्ध ठिकाण २,७७० मीटरवर आहे. गर्दी नको असेल तर त्याच कड्यावरचे सेरुनी किंवा किंगकाँग हिल निवडा. सूर्योदयाआधी पाऊण तास पोचा, पूर्ण गरम कपडे घाला आणि एका जागी बसा.

उजाडू लागते तसे सुमारे दहा किलोमीटर रुंद कॅल्डेरा दिसू लागतो. एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीचे छत खचून हे भांडे तयार झाले आणि त्याच्या तळात नंतर नवे सुळके उगवले. समोर घड्या पडलेला हिरवट, रेखीव शंकू दिसतो. बहुतेक जण त्याच्याकडे बोट दाखवून ब्रोमो म्हणतात, पण तो बातोक, निद्रिस्त आहे. त्याच्या शेजारचा बसका, राखाडी, वरचा भाग उडालेला आणि धूर सोडणारा तो ब्रोमो, २,३२९ मीटर. मागे क्षितिजावर उभा आहे तो सेमेरू, ३,६७६ मीटर, जावाचे सर्वोच्च शिखर. तो वारंवार लहान उद्रेक करतो, त्यामुळे तुमच्या डोळ्यांदेखत त्याच्या माथ्यावरून राखेचा फुगा वर चढू शकतो. याच सेमेरूच्या ४ डिसेंबर २०२१च्या उद्रेकात पायथ्याच्या गावांतली पन्नासहून अधिक माणसे गेली. त्या देखण्या धुराखाली गावे आहेत, हे विसरू नका.

इथे घाई करू नका. सूर्योदयानंतर बहुतेक जीप लगेच खाली पळतात. तुम्ही आणखी अर्धा-पाऊण तास थांबा. उन्हाने धुके वितळते, कॅल्डेराच्या तळातला वाळूचा समुद्र उघडा पडतो, आणि ब्रोमोच्या धुराची दिशा स्पष्ट कळते. ती दिशा नीट पाहून ठेवा. पुढच्या पायरीत ती कामाला येईल.

पायरी ७: ब्रोमोच्या काठावर जा, थोडा वेळ थांबा, उतरा

ही पायरी अहवालाने परवानगी दिली असेल तरच. जीप कॅल्डेराच्या तळात, काळ्या वाळूच्या मैदानात थांबते. तिथून थोडे चालणे आणि मग अडीचशेच्या आसपास पायऱ्या. घोडेही मिळतात. त्यांच्या टापांनी उडणारी बारीक राख फुप्फुसांत जाऊ नये म्हणून इथे एन-९५ लावा.

वाटेत पुरा लुहुर पोतेन हे तेंगरांचे मंदिर लागते. आत पूजा चालू असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. काठावर गणपतीची मूर्ती आहे आणि तेंगर लोक तिला फुले वाहतात. मराठी माणसाचे हात तिथे आपसूक जोडले जातील. फूल वाहायचे तर वाहा, पण मूर्तीला टेकून किंवा तिच्या चौथऱ्यावर पाय देऊन फोटो काढू नका.

वर पोचल्यावर क्रम असा ठेवा:

- वाऱ्याची दिशा पाहा. धूर तुमच्याकडे येत असेल तर वरच थांबू नका, खाली या आणि वारा बदलेपर्यंत वाट पाहा.
- कठडा आहे तेवढ्याच भागात उभे राहा. काठ अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना सैल राखेचा उतार आहे.
- मुखातून येणारा घुमारा ऐका, आत पाहा, एक-दोन फोटो काढा. दहा-पंधरा मिनिटे पुरे.
- आवाज एकदम वाढला, धुराचा रंग पांढऱ्यावरून करडा-काळा झाला किंवा जमीन हादरली, तर लगेच उतरायला लागा.

२००४च्या जूनमध्ये ब्रोमोने उडवलेल्या दगडांनी दोघांचा जीव घेतला. म्हणून काठावर बसून नाश्ता करणे, रील काढत गोल फिरणे हे टाळा. नाश्ता खाली वाळूत करा.

ज्यांना लग्नाआधीचे फोटो इथे काढायचे आहेत त्यांनी आग, फटाके, रंगीत धूर यांना हात लावू नये. सप्टेंबर २०२३मध्ये अशाच एका चित्रीकरणातल्या फ्लेअरमुळे इथले शेकडो हेक्टर गवताळ रान जळून गेले.

पायरी ८: इजेन चढा

बान्युवांगीहून मध्यरात्री निघा. पालतुडिंगला तासा-दीड तासात पोचाल. फाटक कधी उघडते, ही वेळ वाटाड्याकडून आदल्या दिवशी विचारून घ्या. स्वच्छतागृह इथेच वापरा.

वाट सुमारे तीन किलोमीटर, चढ पाचशे मीटर. पहिली दोन किलोमीटर बऱ्यापैकी उभी, शेवटचा टप्पा सपाटीला लागतो. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. दीड ते दोन तास लागू द्या. घाम आला की एक थर काढा, थांबलात की घाला. मास्क आतापासून लावण्याची गरज नाही, पण गळ्यात अडकवलेला हवा. सॅकच्या तळाशी असेल तर वेळेवर हाती लागणार नाही.

वाटेत गंधकाचे कामगार भेटतील. विवराच्या तळातून नळ्यांमधून वायू आणला जातो. तो थंड होताना तांबडा द्रव होतो आणि गोठून पिवळा गंधक बनतो. त्या पिवळ्या ढेपा ते बांबूच्या टोपल्यांतून, खांद्यावरच्या आडव्या दांड्याने वर आणतात. एका खेपेला सत्तर ते नव्वद किलो. काठापासून खाली आता बरेच जण हातगाडी वापरतात. त्यांना वाट द्या, आणि डोंगराच्या आतल्या बाजूला सरकून द्या, दरीकडच्या बाजूला नाही. फोटो विचारून काढा आणि त्याचे पैसे द्या. ते विकतात त्या गंधकाच्या लहान मूर्ती विकत घेऊ नका, कारण गंधक ज्वलनशील आहे आणि विमानात नेता येत नाही. द्यायचे असेल तर थेट पैसे द्या.

पायरी ९: इजेनच्या काठावर काय पाहावे, काय करू नये

उजाडण्याआधी पोचलात तर खाली खोल निळ्या जिभा दिसतात. तो लाव्हा नाही. सुमारे सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले गंधकाचे वायू भेगांमधून बाहेर येऊन हवेत पेट घेतात, काही वायू द्रव होऊन जळत उतारावरून ओघळतात. दिवसाच्या उजेडात ही ज्योत दिसत नाही, म्हणून एवढी रात्रीची धडपड.

या ज्योतीजवळ जायला विवरात उतरणारी दगडी वाट आहे. ती वेळोवेळी बंद असते आणि काठावर मनाईची पाटी लावलेली असते. तेव्हा ‘चला, मी नेतो’ म्हणणारा कुणी भेटलाच तरी उतरू नका. तळ तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेला आहे. वारा फिरला की वायूचा ढग तिथेच कोंडतो, आणि वर यायला एकच अरुंद, उभी वाट असते. २०१८च्या मार्चमध्ये विवरातून असा वायू बाहेर पडला की पायथ्याच्या वस्तीतली माणसे रुग्णालयात न्यावी लागली आणि गावकऱ्यांना हलवावे लागले. वाट अधिकृतपणे उघडी असली तरी उतरायचे की नाही, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरवा. मनात शंका असेल तर काठावरूनच पाहा.

मग उजाडू द्या. इजेनचे खरे वैभव त्यानंतर आहे. सुमारे एक किलोमीटर रुंद, फिरोजी रंगाचे सरोवर डोळ्यांसमोर उलगडते. एवढे मोठे तीव्र आम्लाचे विवर-सरोवर जगात दुसरे नाही. खालून येणारे वायू पाण्यात विरघळून हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होते. त्याचा सामू (पीएच) अर्ध्याहून कमी भरतो. तुलनेला, लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या जवळपास असतो, आणि आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र. काठावरच्या जळालेल्या, पानांविना उभ्या झाडांजवळ बसून हे सरोवर थोडा वेळ पाहता येते, फक्त वारा पाठीमागून असला पाहिजे. लोट तुमच्याकडे वळला की आधी मास्क, मग वाऱ्याला आडवे चालत बाजूला.

कड्याच्या टोकाशी पाठ करून फोटो काढू नका. २०२४च्या एप्रिलमध्ये एका पर्यटक महिलेचा असाच फोटो काढताना कड्यावरून पडून मृत्यू झाला. फोटो बसून काढा, मागे सरकून नाही. परतीची वाट बारीक खडीमुळे घसरडी असते. काठी पुढे टेका, पावले लहान ठेवा.

पायरी १०: काही बिघडले तर

हा भाग चढण्याआधी सोबत्यांना वाचून दाखवा.

दगड उडू लागले तर: पळण्याआधी वर पाहा, येणारा दगड चुकवा, मग मोठ्या खडकाच्या किंवा टपरीच्या आडोशाला जा. सॅक डोक्यावर धरा. ओन्ताकेवर अनेक जण डोंगरावरच्या झोपड्यांत शिरल्यामुळे वाचले. चित्रीकरण करत थांबू नका.

वायूचा ढग आला तर: मास्क घाला. मास्क नसेल तर सुती पंचा ओला करून नाकातोंडावर धरा. त्याने सल्फर डायऑक्साइड थोडाफार अडतो, पण तेवढ्या वेळात बाहेर पडायचे. बाजूला आणि उंचीकडे जा, खळग्याकडे नाही.

राख पडू लागली तर: एन-९५ आणि गॉगल लावा, घरात जा, दारे-खिडक्या बंद करा. डोळे चोळू नका. ओढ्याच्या पात्रातून चालू नका.

कुणाला धाप लागली, खोकला थांबेना, छाती आवळली: लगेच खाली न्या. ‘थोड्या वेळाने बरे वाटेल’ असे म्हणत वर थांबू नका. हातगाड्या माणसांनाही खाली नेतात.

चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ती जागा पालतुडिंगलाच ठरवून ठेवा. ‘तुरुन’ म्हणजे खाली उतरा, एवढा शब्द सगळ्यांना पाठ असू द्या. वाटाडा तो म्हणाला की का ते नंतर विचारा.

पायरी ११: परतल्यावर

मुक्कामी येताच अंघोळ करा, कपडे आधी झटकून मग धुवा, डोळे स्वच्छ पाण्याने धुवा. दोन दिवसांनीही खोकला किंवा छातीत जळजळ राहिली तर डॉक्टरांना दाखवा आणि गंधकाच्या वायूत गेलो होतो हे आवर्जून सांगा.

पातळी वाढल्यामुळे काठावर जाता आले नाही, तर खट्टू होऊ नका. पेनांजाकानवरून पाहिलेला ब्रोमो हाच त्याचा पूर्ण देखावा आहे, आणि अख्खा दिवस त्याच्यापुढे बसलात तरी डोंगराची हरकत नसते.

शेवटचे काम घरी आल्यावरचे. मित्रमंडळींना फोटो पाठवाल तेव्हा त्याखाली तारीख लिहा, त्या दिवशीची पातळी लिहा, अहवालात किती अंतर सांगितले होते तेही लिहा. तुमचा फोटो पाहून पुढच्या वर्षी कुणीतरी जाणार आहे. काठावर उभे राहिलेले तुम्ही त्याला दिसाल, पण तो दिवस कसा होता हे फोटोतून कळणार नाही. ते तुम्ही सांगितलेत, तर तो निघण्याआधी आपल्या दिवसाचा अहवाल पाहील.